सव्वा मूठ गहू

आमच्या शाळेत नाना बोरशांसमोर ‘कसंही करून’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा कोणी का असेना, नाना हातातलं काम खाली ठेवत, चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, “कसंही नको. कसं, ते सांगा.”

एकदा हेडमास्तर शिक्षकांच्या खोलीत तावातावाने आले. मॅट्रिकचा निकाल खाली गेला होता आणि संस्थेच्या मंडळींनी त्यांना फैलावर घेतलं होतं. “यंदा कसंही करून निकाल वर गेला पाहिजे,” असं ते बोलून गेले आणि आम्ही सगळे नानांकडे बघायला लागलो. नाना म्हणाले, “पेपर फोडले तर चालेल?”

“अहो, तसं नव्हे.”

“मग पोरांना कोंडून ठेवू? जेवायला सोडणार नाही.”

“तसंही नव्हे हो बोरसे.”

“मग साहेब, जे चालायचं नाही ते आधी सांगून टाका. उरेल तेवढं आम्ही करतो.”

हेडमास्तर कपाळाला हात लावून गेले. आमचे विज्ञानाचे वैद्य मास्तर नानांची नक्कल करण्यात पटाईत होते. ते पाठीमागे करायचे आणि नानांना ते माहीत होतं. एकदा नाना ऐन नकलेत दारात येऊन उभे राहिले आणि सगळं ऐकून म्हणाले, “माझं ‘कसं’ जरा लांब असतं वैद्य. पुन्हा करा.” वैद्यांनी पुन्हा केलं. नानांनी मान डोलावली आणि कोटाच्या खिशातून भाजलेला शेंगदाणा काढून त्यांच्या हातावर ठेवला. वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या मुलालाही ते असाच एक शेंगदाणा देत. एकच. मॅट्रिकची मिशा फुटलेली पोरं त्या एका शेंगदाण्यासाठी जीव टाकायची.

मी साताऱ्याकडचा. देश स्वतंत्र झाल्यावर दोन-तीन वर्षांनी नोकरीसाठी धुळ्यात आलो, आणि जागा मिळेना म्हणून नानांनीच मला त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली दिली. उंच, खांद्यात वाकलेले, काळी टोपी, कोटाची एकच गुंडी शाबूत असे नाना, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, आणि त्यांचा मुलगा दगडू, अशी तीनच माणसं घरात होती. आधीची तीन मुलं वर्षाच्या आत गेली, म्हणून याचं नाव दगडू ठेवलं. नानांचं बोलणं माझ्याशी शाळेसारखं शुद्ध आणि चौकटीच्या आत गेले की अस्सल अहिराणी. पहिले दोन महिने मला भिंतीपलीकडचं अक्षरही कळत नव्हतं, आणि त्या लोकांना हे ठाऊक असल्यामुळे ते माझ्याविषयी खुशाल बोलत.

नाना इतिहास शिकवत. लढाई आली की तहापर्यंत सगळं रीतसर सांगत, आणि पुस्तक मिटून विचारत, “आणि गावात काय चाललं होतं?” “कोणत्या गावात?” असं एखाद्याने विचारलं तर म्हणत, “लढाई हवेत झाली नाही ना? खाली गाव असेल. त्या दिवशी तिथे भाकरी कोणी टाकली होती, कोणाची म्हैस सुटली होती?” पुस्तकात ते नसायचं. नानांनाही ठाऊक नसायचं. पण विचारल्याशिवाय तास सुटायचा नाही. एका हिवाळ्यात आम्ही मुलांना सोनगीरचा किल्ला बघायला नेलं. नानांचं मूळ गाव तिथून जवळच. वर चढल्यावर मुलं बुरुजाला टेकून तोफा उडवायला लागली, तोंडाने. नानांनी त्यांना रागावलं नाही. फक्त कठड्याशी बोलावून खाली बोट दाखवलं. खाली घरं होती, कुठे धूर निघत होता, एक बाई वाळवण उलटं करत होती. “आता उडवा,” नाना म्हणाले. पोरं अवघडून हसली. कोणी उडवली नाही. मला तेव्हा हे जरा जास्तच वाटलं होतं, असं मी परत येताना वैद्यांना म्हणालोही.

आणखी एक गोष्ट मला विचित्र वाटायची. खानदेशात येऊन मी जर कशावर भाळलो असेन तर तो वांग्याच्या भरितावर. हिवाळ्यात शेतात काड्यांवर मोठाली हिरवी वांगी भाजायची, काळी पडलेली साल ओढून काढायची आणि आतला गर लाकडी बडगीत ठेचायचा. या भागातला माणूस भरिताला नाही म्हणत नाही. नाना मात्र नाही म्हणायचे. काड्या पेटल्या, वांगी भाजून झाली आणि साल सोलायला सगळे बसले की नाना उठून बांधावर जाऊन उभे राहत. पोट बरं नाही, असं सांगत. दर वर्षी नेमकं तेव्हाच त्यांचं पोट बिघडे.

या सगळ्याचा उलगडा मला श्रावणात झाला.

कानबाई हा काय प्रकार आहे ते आमच्याकडे कोणाला माहीत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इथे नारळाला डोळे, नथ, लुगडं चढवून देवी बसवतात. गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत ती नदीवर जाते. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या, आणि त्या घरच्यांनीच खायच्या. परक्याला त्यातला घास द्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं. मला हे नियम ठाऊक नव्हते, तेव्हा पहिल्या वर्षी समोरच्या घरी मी तोंड वर करून रोट मागितला. त्या बिचाऱ्या बाईने तोंडाला पदर लावला आणि मला लाडू आणून दिला. पुढे महिनाभर गल्लीत मला ‘रोट मागणारा मास्तर’ हेच नाव होतं.

पुढच्या एका वर्षी त्या रविवारी सगळी गल्ली गात होती आणि आमच्याच घरात चिडीचूप होतं. नाना दाराला पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते, तेही सकाळचं, तिसऱ्यांदा. दगडू घरात नव्हता. मी मागच्या पडवीत गेलो तर अक्का चुलीपुढे नुसत्याच बसल्या होत्या.

“अक्का, तुमच्याकडे कानबाई नसते?”

“येवाले व्हती,” त्या म्हणाल्या. “पाच-सहा वरीस झायात, ती दारमाच उभी शे.”

मग त्यांनी मला सांगितलं. दगडू लढाईत गेला होता. पूर्वेकडे जपान्यांनी त्याची पलटण पकडली आणि कुठल्याशा बेटावर नेली. एक कार्ड आलं, मग काही नाही. नाना तेव्हाही देवाधर्माचे नव्हते. पण लढाई संपायच्या आदल्या श्रावणात गावी भाऊबंदांकडे कानबाई बसली होती, तिथे ते गेले, टोपी काढली आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे डोकं ठेवलं. “माय, कशीबी कर, पन लढाई थांबाड. मना दगडू घर उना का तुले मना घर बसाडसू.”

पुढच्या श्रावणात लढाई थांबली, आणि तीही कानबाई बसायच्याच आठवड्यात. मोठा बाँब पडल्याचं, दोन गावं गेल्याचं नानांनी पेपरात वाचलं होतं. मोठा म्हणजे असेल मोठा, एवढंच त्यांना वाटलं. त्यांनी फळ्यावर ‘दगडू येणार’ असं लिहिलं, वर्गाला सुट्टी दिली आणि स्वतः हातात पुडा घेऊन दारोदार साखर वाटली. दगडू थंडीत आला. त्याला चाळीसगावच्या स्टेशनावर नानांनी ओळखलंच नाही. पुढचा श्रावण तो पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता, म्हणून नवस वर्षभर पुढे ढकलला. आणि त्या वर्षात नानांनी वाचनालयात एक विलायती मासिक वाचलं. त्यात बाँब पडलेल्या त्या गावच्या लोकांची हकिकत होती.

“तठे साळाना पोरे रस्ता साफ कराले आनेल व्हतात,” अक्का म्हणाल्या. “त्यासना मास्तर त्यासनासंगे. सकायनी येळ. अंगनी कातडी अशी निंघी गयी, मास्तर, भरीतना वांगानी निंघस तशी. ते वाचीसन घर उनात आनि म्हनात, कानबाई बसाडानी नही.”

“का, ते नाही सांगितलं?”

“सांगं ना. म्हने, मीच तिले सांगं व्हतं, कशीबी थांबाड. तिनी थांबाडी. आते तिले बसाडं म्हंजे झाये ते बठ्ठं माले कबूल शे, असं व्हई.”

अक्कांना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देवीने पोर परत दिलं, तिचं देणं ठेवायचं नाही. ठेवलं तर ती पोर परत मागते. दर श्रावणात त्या नानांना एकदा विचारत, नाना नाही म्हणत, आणि मग त्या पुढच्या श्रावणापर्यंत दगडूच्या तोंडाकडे बघत राहत. त्याला नुसता खोकला आला तरी त्या नानांकडे बघत. नानांना ते कळत असे. माझ्या मते त्या घरात दुसरं काही घडतच नव्हतं.

दगडूविषयी मी फार थोडं सांगू शकेन, कारण तो फार थोडं बोलायचा. जिनात कापूस मोजायच्या काट्यावर तो कामाला होता. जेवताना डावा हात ताटाभोवती घालून भराभर जेवायचा, जणू कोणी ओढून नेईल, आणि जेवलेलं त्याला पचत नसे. बेटावर त्याचं पोट आणि यकृत दोन्ही खराब झालं होतं. लग्नाला तो उभा राहिला नाही. नवसाचं त्याला ठाऊक होतं. त्याविषयी त्याचं काय मत आहे हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि कानबाईच्या रविवारी तो सकाळीच उठून नदीकडे जायचा.

आपलं मत त्याने एकदाच सांगितलं. त्या सुमारास कुठल्याशा समुद्रात त्याहून कितीतरी मोठा बाँब फोडून पाहिल्याची बातमी होती. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. वैद्य आले होते. दगडू पायरीवर बसून चिलीम ओढत होता. वैद्य म्हणाले, “नाना, तुमचा राग मला समजतो, पण हिशेब करा. ती दोन गावं गेली नसती तर लढाई आणखी वर्षभर चालली असती. त्यात दसपट माणसं गेली असती. त्यांचीसुद्धा.”

“तुमचा हिशेब बरोबर असेल,” नाना म्हणाले. “मला उत्तराचं भांडण नाही. पण हिशेब करणारा एकही त्या गावात राहत नव्हता. शिपाई शिपायाला मारतो, त्यासाठी दोघांनी लष्कराचे कपडे घातलेले असतात. ती पोरं झाडू घेऊन उभी होती. त्यांच्या मास्तराने सकाळी हजेरी घेतली असेल हो.”

“लढाईत तेवढं बघत बसलं तर लढाई जिंकता येत नाही.”

“मग ‘जिंकायची, कसंही करून’ असं म्हणा. सरळ म्हणा.”

तेव्हा दगडूने चिलीम खाली ठेवली. तो बापाकडे न बघता बोलत होता. “शेवटला महिनामा त्यासनी आम्हनाकडथून खड्डा खनी लिधात. लांब लांब खड्डा. कसाले, ते कोन्ही सांगं नही. बठ्ठासले समजेल व्हतं. खनाले ताकद नही व्हती, तरी आम्ही खनात. मंग एक दिन सकायमा पहारावाला दिसनातच नही.” त्याने चिलीम पायाने बाजूला सारली. “तो बोम नही पडता ते मी त्या खड्डामा ऱ्हातू.”

वैद्यांचाच मुद्दा सिद्ध झाला होता, पण त्यांनी मान खाली घातली.

“नाना,” दगडू म्हणाला, “तो पडाले नही जोयजे व्हता, असं तुम्ही म्हंतस. मंग सांगा. मी मराले जोयजे व्हतू का?”

मी नानांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. अक्का दारात येऊन उभ्या होत्या. मग नाना उठले, आत गेले, तांब्या भरून आणला आणि दगडूच्या पुढे पायरीवर ठेवला. दगडूने त्या पाण्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने तो उठून गेला आणि तांब्या तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना नाना पुलावर थांबले. पांझरेला नावाला पाणी होतं. “शिंदे,” ते मला म्हणाले, “बापाला ‘नाही रे बाबा’ म्हणायला काय लागतं? पण तेवढं म्हटलं की झालं ते बरं झालं, असंच होतं. तू मरायला नको होतास आणि ती पोरंही मरायला नको होती, एवढंच मला म्हणायचं आहे. ही दोन वाक्यं एकत्र म्हणायची कुठे सोयच नाही.”

“हे त्यालाच सांगा ना.”

“सांगितलं. पहाटे त्याच्या उशाशी बसून सांगितलं. तो म्हणाला, ‘नाना, हाई पुस्तकमाधलं झाये.’ बरोबर आहे त्याचं.”

घंटा होत आली होती, म्हणून आम्ही चालायला लागलो. त्या दिवशी नानांनी वर्गात कोणालाही शेंगदाणा दिला नाही, असं मुलांनी मला सांगितलं.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी वाईट वागले असं मुळीच नाही. उलट जास्तच जपून वागायला लागले. नाना बाजारातून त्याला पचेल असं दुधी, पडवळ शोधून आणत. दगडू नानांचा कोट झटकून खुंटीला लावी. पण ज्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं ते दोघांच्या मध्ये रोज पंगतीला बसायचं.

दोन-तीन वर्षांनी दगडूचं पोट फुगायला लागलं. डोळे पिवळे झाले. आषाढात त्याला सरकारी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, यकृतात काही उरलेलं नाही. मी ते नानांना सांगितलं. अक्कांना सांगायची गरज पडली नाही. श्रावण लागला. त्या वर्षी अक्कांनी नानांना विचारलं नाही. त्यांनी फक्त चौरंग धुऊन उन्हात वाळवला आणि नानांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवला.

नाना दोन दिवस त्या चौरंगाला वळसा घालून गेले. तिसऱ्या दिवशी, नागपंचमीला, मी शाळेतून येतो तो नाना गल्लीच्या तोंडाशी दिसले. कोटाच्या आत काहीतरी लपवून आणत होते. मला बघून त्यांनी ते लपवायचा नाद सोडला. नारळ होता, हिरवा खण होता आणि पितळेची नथ. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता.

“आणला,” ते म्हणाले. “बसवतो रविवारी. दुकानात उभा होतो शिंदे, आणि काय म्हणालो मनात, ठाऊक आहे? कसंही करून याला वाचव. पुन्हा तेच म्हणालो.”

मी म्हणालो, “नाना, बाप आहात तुम्ही.”

“हो. म्हणूनच तर सगळे म्हणतात.”

दगडू शुक्रवारी गेला. रविवारी घरात सुतक होतं, आणि सुतकात देवी बसवत नाहीत. नारळ, खण, नथ अक्कांनी फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. गल्लीत ढोल वाजत होते. समोरच्या घरचे म्हणाले, आम्ही यंदा गाणी म्हणत नाही. नाना स्वतः उठून त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “म्हणा. तुमच्या घरात काय झालंय?” मग त्यांनी गाणी म्हटली, जरा दबक्या आवाजात. अक्का नानांना काहीही बोलल्या नाहीत. एक शब्द नाही. मला वाटतं, बोलल्या असत्या तर नानांना जरा सोपं गेलं असतं.

मी देवीचा कोप वगैरे मानत नाही, आणि नानाही मानत नव्हते. पण माणसाने न मानून उपयोग काय? त्यांनी एकदा पोरासाठी तत्त्व सोडलं आणि पोरही राहिलं नाही. आधी सोडलं असतं तर निदान अक्का तरी त्यांच्याशी बोलत राहिल्या असत्या. पुढचं वर्षभर नाना शाळेत येत, तास घेत, घंटा झाली की निघत. ‘आणि गावात काय चाललं होतं?’ हे त्यांनी विचारायचं सोडलं. कोणी ‘कसंही करून’ म्हणालं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. वैद्य एकदा मुद्दाम मोठ्याने म्हणाले, नानांनी हटकावं म्हणून. नाना खिडकीबाहेर बघत राहिले, आणि वैद्य उठून बाहेर गेले.

वर्ष सरलं, पुन्हा श्रावण आला. मला जळगावच्या शाळेत जागा मिळाली होती आणि लवकरच मी जाणार होतो. एका सकाळी नानांनी मला हाक मारली. माळ्यावरचा गव्हाचा मोठा डबा खाली घ्यायचा होता, तो त्यांच्याने उतरेना. डबा मी उतरवून पडवीत ठेवला तर तिथे सूप मांडलं होतं आणि अक्का बसल्या होत्या. चौरंग धुतलेला होता. नानांनी डबा उघडला आणि सूपात गहू घेतला, एक मूठ भरून आणि वर चार बोटांची चिमूट. सव्वा मूठ. घरात आता एकच पुरुष होता, तेव्हा मोजणं तिथे थांबायला हवं होतं. मी निघायला वळलो.

नानांनी दुसरी मूठ घेतली. “दगडूनी,” ते म्हणाले.

गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. अक्कांनी सूप नीट धरलं. नानांनी तिसरी घेतली, मग चौथी. मूठ, वर चिमूट. मूठ, वर चिमूट. त्यांची घाई नव्हती. एकही दाणा सांडत नव्हता.

“ह्या कोन्या?” अक्कांनी विचारलं.

“त्या गावन्या.”

अक्कांना कोणतं गाव ते विचारावं लागलं नाही. नाना घेत राहिले. सूप भरलं, त्यांनी ते परातीत ओतलं आणि पुन्हा घ्यायला लागले. मग त्यांचा हात डब्यातच थांबला. “तठे पुरुष थोडाच व्हतात,” ते म्हणाले. “ते लढाईवर गयेल. बाया आनि पोरेच व्हतात. बायासनी मूठ ते आपलामा घेतसच नही.”

खरंच घेत नाहीत. रोटात बाईच्या नावाचा गहू नसतो. तिने तो दळायचा, रांधायचा आणि खायचा. नाना तसेच डब्यात हात घालून बसले. मला वाटलं, आता ते रडतील. तेव्हा अक्का पुढे सरकल्या, त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि डब्यात हात घातला. त्यांची मूठ लहान होती. त्यांनी वर चिमूट घातली आणि सूपात टाकली. मग दुसरी. दोघं समोरासमोर बसून घेत राहिले, आणि मी पडवीच्या खांबाला धरून उभा राहिलो. शेवटी डब्याच्या तळाशी बोटं खरवडल्याचा आवाज आला.

“सरना,” अक्का म्हणाल्या.

“पुरत नही,” नाना म्हणाले.

“नही.”

रविवारी कानबाई बसली. गाणी नाहीत, ढोल नाही. सोमवारी अक्कांनी ती डोक्यावर घेतली आणि नाना मागून अनवाणी चालले. वाटेत मी त्यांना गाठलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “फिटला नाना नवस.” ते म्हणाले, “याला नवस फेडणं म्हणू नका शिंदे. नवस फेडणारा खूश असतो.”

मी निघालो ती पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. ट्रंक टांग्यात ठेवली आणि निरोप घ्यायला आत गेलो. दोघं जेवायला बसले होते. त्या सगळ्या गव्हाच्या पोळ्या अक्कांनी केल्या होत्या, आणि दोन म्हातारी माणसं आठवडाभर तेच खात होती. भाऊबंदांना त्यांनी बोलावलं नव्हतं. बोलावलं तर कोणाच्या नावाचं खा म्हणून सांगणार? पोळ्यांच्या कडा वाळून कडक झाल्या होत्या, तुकडे दुधात भिजत घातले होते. पाठीमागे पाटीत फडक्याखाली अजून चांगली गच्च चळत होती. नानांच्या तोंडात दात कमी. ते एक एक घास कितीतरी वेळ चावत होते.

मला बघितल्याबरोबर नानांनी सवयीने पाटाकडे हात केला. “या, बसा दोन घास—” आणि हात तसाच थांबला. मी परका होतो. मला त्यातलं देऊन चालणार नव्हतं.

“येतो नाना,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. अक्कांनी पाटीतली आणखी एक पोळी घेतली, मोडून अर्धी त्यांच्या ताटात टाकली आणि अर्धी आपल्या.